विश्लेषण : शाळा नाही, खोली नाही, मंचावर बंदी... तरीही अण्णाभाऊ साठेंची लेखणी थांबली का नाही?

लिहायला बसले आणि शब्दच सुचले नाहीत, हा अनुभव लिहिणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी येतो. इंग्रजीत त्याला ‘रायटर्स ब्लॉक’ म्हणतात. त्यावर मात कशी करावी, याचे सल्लेही भरपूर मिळतात. पण घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत राहून साधारण 35 कादंबऱ्या, कथासंग्रह, पोवाडे, लोकनाट्ये आणि एक प्रवासवर्णन लिहिणाऱ्या लोकशाहीर अण्णाभाऊ साठे यांच्या वाटेतील अडथळे वेगळे होते. अक्षरओळख नव्हती, भाकरीची शाश्वती नव्हती, लिहायला निवांत जागा नव्हती आणि ज्या मंचावर ते उभे राहिले तोही सरकारी बंदीने हिरावला गेला. प्रत्येक वेळी त्यांनी दुसरी वाट शोधली. ती कोणती आणि अखेरच्या वर्षांत ती का अडली, याचा हा आढावा.

लेखन अडते म्हणजे नेमके काय होते?

‘रायटर्स ब्लॉक’ ही संज्ञा मनोविश्लेषक एडमंड बर्गलर यांनी 1947 मध्ये रूढ केल्याचे मानले जाते. ते मूळचे ऑस्ट्रियाचे आणि नंतर न्यूयॉर्कमध्ये स्थायिक झालेले. लेखकाचे अडणे त्याच्या मनातून येते, बालपणीच्या गाठींमधून येते, अशी त्यांची मांडणी होती. उपाय अर्थातच मनाच्या उपचाराचा होता.

याच प्रश्नाकडे बाहेरच्या बाजूने पाहणारेही होते. लिहिण्यासाठी स्त्रीला स्वतःची खोली आणि वर्षाला 500 पौंडांचे उत्पन्न हवे, असे व्हर्जिनिया वूल्फ यांनी 1929 मध्ये मांडले. अमेरिकी लेखिका टिली ऑल्सेन यांनी 1978 मधील ‘सायलेन्सेस’ या पुस्तकात आणखी पुढचा प्रश्न विचारला. नोकरी, घरकाम, मुलांचे संगोपन आणि गरिबी यांमुळे जे लिहिलेच गेले नाही, त्याचा हिशेब कोण ठेवणार? ऑल्सेन स्वतः चार मुलींना वाढवत आणि मिळेल ते काम करत जगल्या. त्यांचे पहिले पुस्तक आले तेव्हा त्यांनी वयाची पन्नाशी गाठत आणली होती.

म्हणजे लेखन दोन ठिकाणी अडू शकते, मनात आणि परिस्थितीत. सल्ले देणारी बहुतेक पुस्तके पहिल्याबद्दल बोलतात. अण्णाभाऊंचे आयुष्य दुसऱ्याबद्दल बोलते. म्हणूनच ते आज लिहू पाहणाऱ्या, पण घरात टेबल मांडायलाही जागा नसलेल्या उपनगरातल्या मुलामुलींना अधिक जवळचे वाटते.

दीड दिवसाची शाळा, मग अक्षरे कुठून आली?

अण्णाभाऊंचे मूळ नाव तुकाराम भाऊराव साठे. जन्म 1 ऑगस्ट 1920 रोजी वाटेगाव येथे. वाळवा तालुक्यातील हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आता ते सांगली जिल्ह्यात आहे. कुटुंब मातंग समाजातले. वडील भाऊराव पोटासाठी मुंबईत काम करत आणि आई वालुबाई गावाकडे घर सांभाळत. ब्रिटिश सरकारच्या लेखी ही जात गुन्हेगार जमातींमध्ये मोडत होती. त्यामुळे गावात पोलिसांकडे हजेरी देणे आणि कुठेही चोरी झाली की पहिला संशय आपल्यावर येणे, हे या वस्तीचे रोजचे जगणे होते.

शाळेत ते जेमतेम दीड दिवस गेले, असे सांगितले जाते. जातीवरून मिळालेली वागणूक आणि मास्तरांचा मार यामुळे त्यांनी शाळा सोडली ती कायमची. ज्याने पुढे मराठीला डझनावारी पुस्तके दिली, त्याच्या लेखनाला पडलेला हा पहिला अटकाव. तो शब्द न सुचण्याचा नव्हता, अक्षरच हातात न येण्याचा होता.

1930 च्या दशकाच्या सुरुवातीला साठे कुटुंब मुंबईकडे निघाले. गाडीभाड्याला पैसे नव्हते म्हणून तीनशेहून अधिक किलोमीटरची ही वाट त्यांनी पायी कापली. मिळेल तिथे मजुरी करायची, दोन पैसे गाठीला बांधायचे आणि पुढे चालायचे, असा तो प्रवास होता. मुंबईत पहिला आसरा मिळाला तो भायखळ्यात. पुढची काही वर्षे अण्णाभाऊंनी हमाली केली, फेरीवाल्याचे काम केले, घरगडी म्हणून राबले आणि गिरणीतही काम केले.

अक्षरे त्यांना याच रस्त्यांवर भेटली. दुकानांच्या पाट्या, भिंतींवरच्या घोषणा आणि सिनेमाची पोस्टरे हेच त्यांचे क्रमिक पुस्तक झाले. सिनेमाचे वेड होतेच. पोस्टरवरचे नाव ऐकून माहीत असायचे, मग त्या नावातले अक्षर ओळखीचे व्हायचे आणि तेच अक्षर पुढच्या पाटीवर दिसले की पक्के व्हायचे. कानाने आधी ऐकायचे आणि डोळ्याने नंतर वाचायचे, हा क्रम त्यांच्या लेखनात शेवटपर्यंत राहिला. त्यांचे गद्य मोठ्याने वाचले की अधिक खुलते, त्याचे एक कारण इथे सापडते.

पहिली रचना डासांवर का?

कुटुंब काही काळ गावी परतले तेव्हा अण्णाभाऊ नात्यातल्या बापू साठे यांच्या तमाशाच्या फडात रमले. ढोलकी, तुणतुणे आणि हलगीची त्यांना जाण होती. अनेक लावण्या आणि पोवाडे त्यांना तोंडपाठ होते. पुन्हा मुंबईत आल्यावर ते माटुंग्याच्या लेबर कॅम्पमध्ये राहू लागले. धारावीला लागून असलेल्या या कामगार वस्तीत कम्युनिस्ट पक्षाचे काम जोरात होते. महाडच्या सत्याग्रहाच्या तयारीत पुढे असलेले आणि नंतर कामगार चळवळीत उतरलेले आर. बी. मोरे यांच्यासारखे कार्यकर्ते तिथे वावरत. सभा, अभ्यासवर्ग, पत्रके यांतून अण्णाभाऊंचे वाचन वाढले. मॅक्झिम गॉर्की हा त्यांना आपला वाटणारा लेखक ठरला. गॉर्कींचे शिक्षणही शाळेपेक्षा रस्त्यावर आणि कामाच्या ठिकाणीच अधिक झाले होते.

लिहायचे कशावर, हा नव्या लेखकाला पडणारा पहिला प्रश्न. अण्णाभाऊंनी त्याचे उत्तर फार लांब शोधले नाही. लेबर कॅम्पमध्ये डासांनी लोकांची झोप उडवली होती. त्यांनी डासांवर गाणे रचले आणि वस्तीतच म्हणून दाखवले. ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर त्या डासांचे चावे होते, त्यामुळे दाद लगेच मिळाली. विषय मोठा असावा, भाषा भारदस्त असावी, हे दडपण त्यांनी पहिल्याच पावलावर झटकून टाकले.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची होती. कागदावर हात अजून सरावलेला नव्हता, पण चाल आणि ताल अंगात भिनलेले होते. जे येत नाही त्यापाशी अडून बसण्याऐवजी जे येते तिथून त्यांनी सुरुवात केली. गद्याच्या आधी गाणे आले ते असे.

1943 मध्ये त्यांनी स्टालिनग्राडचा पोवाडा रचला. रशिया त्यांनी पाहिला नव्हता. पण जर्मन फौजांना रोखून धरणाऱ्या त्या शहराची झुंज त्यांनी शिवकाळातील लढाया सांगणाऱ्या पोवाड्याच्या साच्यात बसवली. व्होल्गाकाठचे युद्ध मुंबईतल्या गिरणगावाला आपले वाटले. शाहीर म्हणून अण्णाभाऊंचे नाव झाले ते या रचनेने.

मंचावर बंदी आली तेव्हा काय केले?

1944 मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर या दोन शाहिरांसोबत अण्णाभाऊंनी लाल बावटा कलापथक उभे केले. अमर शेखांचा पहाडी आवाज, गवाणकरांची शाहिरी आणि अण्णाभाऊंची लेखणी असा हा संच होता. गिरणगावात, कामगार वस्त्यांत आणि खेड्यापाड्यांत त्यांचे कार्यक्रम होत. याच काळात अण्णाभाऊ पक्षाच्या ‘लोकयुद्ध’ या साप्ताहिकासाठीही काम करत होते. ‘अकलेची गोष्ट’, ‘शेटजींचे इलेक्शन’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘बेकायदेशीर’, ‘माझी मुंबई’ ही त्यांची नाटुकली गाजली.

तमाशाचा जुना साचा त्यांनी घेतला, पण जसाच्या तसा ठेवला नाही. गणात देवाऐवजी मातीला आणि कष्टकऱ्यांना वंदन आले. कृष्ण आणि गवळणींचा भाग गळाला. सोंगाड्याच्या तोंडी सावकार, पुढारी आणि धान्याचा काळाबाजार आला.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात बाळासाहेब खेर यांचे सरकार होते आणि गृहखाते मोरारजी देसाई यांच्याकडे होते. कम्युनिस्टांवर सरकारची करडी नजर होती. कलापथकाच्या प्रयोगांवर बंदी आली आणि तमाशा या कलाप्रकारावरही निर्बंध आले. ज्याचे सगळे लेखन प्रेक्षकांसमोर उभे राहून व्हायचे, त्याच्यासाठी हा फार मोठा आघात होता. शब्द होते, पण ते म्हणायला जागा उरली नव्हती.

यातून अण्णाभाऊंनी दोन वाटा काढल्या. एक नावाची. तमाशावर निर्बंध असतील तर त्याला लोकनाट्य म्हणावे. आज मराठीत सहज वापरला जाणारा हा शब्द रुळण्यामागे अण्णाभाऊंचे मोठे योगदान मानले जाते. दुसरी वाट प्रकाराची. मंच मिळत नसेल तर कागद आहे. 1949 च्या सुमारास ‘मशाल’ या नियतकालिकातून ते कथालेखक म्हणून पुढे आले. ज्या माणसांना ते आतापर्यंत गाण्यातून आणि संवादातून उभे करत होते, ती माणसे आता कथेत चालू-बोलू लागली.

कथा आणि कादंबरीचे मोठे दालन त्यांच्यासाठी उघडले ते मंचाचे दार बंद झाल्याच्याच काळात, हे लक्षात घेण्यासारखे आहे. ती बंदी आली नसती तर ते कादंबरीकडे वळलेच नसते असे म्हणता येणार नाही. पण अडल्यावर तिथेच धडका देत न बसता लेखनाचा प्रकार बदलून पाहायचा, ही त्यांची रीत इथे स्पष्ट दिसते.

चिरागनगरच्या झोपडीत लेखन कसे व्हायचे?

घाटकोपर पश्चिमेला, आताच्या लालबहादूर शास्त्री मार्गालगत चिरागनगर आहे. हा मार्ग तेव्हा आग्रा रोड म्हणून ओळखला जायचा. अण्णाभाऊ जवळपास दोन दशके इथल्या झोपडीत राहिले. घाटकोपरचा समावेश 1950 मध्ये बृहन्मुंबईत झाला. त्या काळात कारखाने वाढत होते, डोंगरांच्या कडेला खाणी चालत होत्या आणि सातारा-सांगली, कोकण, मराठवाडा तसेच उत्तर भारतातून आलेली माणसे जागा मिळेल तिथे पत्रे आणि तरटे ठोकून संसार मांडत होती.

व्हर्जिनिया वूल्फ यांना लेखनासाठी आवश्यक वाटलेली बंद दाराची खोली इथे अशक्य होती. झोपडीच्या भिंतीपलीकडचे भांडण, नळावरची रांग, दारूच्या अड्ड्यावरचा गलका, रात्रपाळीहून परतणाऱ्यांची वर्दळ हे सगळे थेट आत यायचे. एखाद्याचे लेखन याने कायमचे बंद पडले असते. अण्णाभाऊंनी या गलक्यालाच कच्चा माल मानले. ‘चिरागनगरची भुतं’ हे त्यांच्या एका कथासंग्रहाचे नाव याच वस्तीची खूण सांगते.

कल्पनेच्या भराऱ्या आपल्याला जमत नाहीत, जे जगलो आणि पाहिले त्यावरच आपण लिहितो, अशी भूमिका त्यांनी मांडली होती. ती विनयाची असेल, पण त्यात लेखनाची एक पद्धतही होती. पुढे काय लिहावे हे सुचत नसेल तर दाराबाहेर पाहावे. तिथे कंजारी होते, डोंबारी होते, गुन्हेगार ठरवलेले होते, खाणकामगार होते, नवऱ्याने टाकलेल्या आणि तरीही ताठ मानेने राबणाऱ्या बायका होत्या. मराठी कथेत तोवर क्वचितच नायक झालेली ही माणसे होती.

‘बरबाद्या कंजारी’, ‘खुळंवाडी’, ‘निखारा’, ‘फरारी’, ‘गजाआड’ हे कथासंग्रह, तर ‘चित्रा’, ‘वैजयंता’, ‘माकडीचा माळ’, ‘चिखलातील कमळ’, ‘वारणेचा वाघ’, ‘चंदन’, ‘आवडी’, ‘अलगूज’ या कादंबऱ्या एकामागून एक येत गेल्या. 1949 पासून 1969 पर्यंतची वीस वर्षे धरली आणि त्यात 35 कादंबऱ्या मांडल्या, तर सरासरी वर्षाला दोनच्या जवळ जाते. या वेगामागे पोटाची निकड होती, हे विसरता येत नाही. त्यामुळे सगळ्याच कादंबऱ्या एका तोलाच्या नाहीत. काहींत योगायोग जास्त आहेत, काहींचे शेवट घाईचे आहेत. पण प्रत्येक पुस्तक सर्वोत्तमच झाले पाहिजे, या हट्टापायी त्यांनी पुढचे पुस्तक अडवून ठेवले नाही.

‘स्मशानातील सोनं’ या कथेत उपनगर कसे दिसते?

अण्णाभाऊंच्या कथांमध्ये आजही सर्वाधिक वाचली जाणारी ही कथा मुंबईच्या उपनगराच्या कडेला, जंगलालगतच्या वस्तीत घडते. गावाकडून आलेला धिप्पाड भीमा खाणीत दगड फोडतो. बायको आहे, लाडकी लेक आहे. एके दिवशी खाण बंद पडते. हाताला काम नाही. भटकताना नदीकाठच्या राखेत त्याला सोन्याचा तुकडा सापडतो आणि प्रेतांसोबत गेलेले सोने शोधायला तो रात्री स्मशाने धुंडाळू लागतो. अखेर एका प्रेताच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात आणि ती कायमची गमवावी लागतात. त्याच वेळी बातमी येते की बंद पडलेली खाण पुन्हा सुरू होत आहे.

काम थांबले की माणसाचे काय होते, याची ही कथा आहे. भीमाच्या अंगात ताकद आहे, कष्टाची तयारी आहे. त्याला अडवणारी गोष्ट त्याच्या आत नाही, ती खाणीच्या मालकाच्या निर्णयात आहे. ती गाठ सुटते तोवर त्याचे हात कामाचे राहिलेले नसतात. अण्णाभाऊ भीमाला दोष देत नाहीत आणि त्याची कीवही करत नाहीत. घाटकोपर ते मुलुंड आणि अंधेरी ते बोरिवली या पट्ट्यातील डोंगर फोडून मुंबईला खडी पुरवणाऱ्या हजारो हातांची आठवण आज फार कमी ठिकाणी उरली आहे. या कथेत ती शाबूत आहे.

‘फकिरा’ने कोणते दार उघडले?

1956 ते 1960 हा संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचा काळ. अण्णाभाऊंची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड अमर शेखांच्या आवाजात गावोगाव पोहोचली. पोटासाठी मुंबईला आलेला कामगार आणि गावाकडे मागे राहिलेली त्याची सखी, असा तिचा विषय वरवर शृंगाराचा वाटतो. पण त्या ताटातुटीत बेळगाव, निपाणी, कारवार आणि महाराष्ट्र यांची ताटातूट मिसळली आणि गाणे लढ्याचे झाले. सभेतील भाषणाने जे साधत नव्हते ते लोकगीताच्या साच्याने साधले.

मार्च 1958 मध्ये मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले. त्याचे उद्घाटन अण्णाभाऊंनी केले. पृथ्वीचा भार शेषनागाने नव्हे तर दलित आणि श्रमिकांच्या हातांनी पेलला आहे, हा त्यांचा विचार तेव्हापासून मराठी साहित्यचर्चेत कायमचा राहिला.

1959 मध्ये ‘फकिरा’ प्रसिद्ध झाली. ब्रिटिश अमलात दुष्काळाने आणि जाचाने गांजलेल्या आपल्या माणसांसाठी धान्य आणि खजिना लुटणाऱ्या मातंग वीराची ही कादंबरी. फकिरा ही वाटेगाव परिसरात होऊन गेलेली खरी व्यक्ती आणि अण्णाभाऊंच्या आईच्या नात्यातली. अण्णाभाऊंच्या जन्माच्या वेळी फकिराने बाळंतिणीसाठी ओंजळीने रुपये दिले होते, अशी आठवण त्यांच्या घरात सांगितली जायची. ज्या गोष्टी लहानपणापासून ऐकल्या त्या कागदावर यायला इतकी वर्षे लागली. मधल्या काळातील गाणी, लोकनाट्ये आणि कथा ही एका अर्थी या कादंबरीची तालीम ठरली.

कादंबरी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या लेखणीला अर्पण केलेली आहे. प्रस्तावना वि. स. खांडेकरांची. 1961 मध्ये तिला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला. ज्या सत्तेने एकदा मंच काढून घेतला होता, तिच्याच वारसदार सरकारने आता लेखक म्हणून गौरव केला होता. त्याच वर्षी ‘वैजयंता’ या कादंबरीवरील गजानन जागीरदार दिग्दर्शित चित्रपट आला आणि पुढे ‘फकिरा’ही पडद्यावर आली. ज्या पोस्टरांवरून अक्षरे जुळवायला ते शिकले होते, त्या पोस्टरांवरची गोष्ट आता त्यांची होती.

1961 मध्येच त्यांना रशियाला जाता आले. स्टालिनग्राडचा पोवाडा रचल्यावर जवळपास अठरा वर्षांनी त्यांनी तो देश डोळ्यांनी पाहिला. ‘माझा रशियाचा प्रवास’ हे त्यांचे प्रवासवर्णन मराठी प्रवासवर्णनांच्या परंपरेत वेगळे ठरते. विमानात प्रथमच बसणाऱ्या, झोपडीतून थेट मॉस्कोला जाणाऱ्या माणसाची ती नजर आहे.

अखेरच्या वर्षांत काय अडले?

इथवरची गोष्ट एकेक अडथळा ओलांडत जाण्याची आहे. ती इथेच थांबवली तर सोपी होईल, पण खरी होणार नाही.

1960 चे दशक सरत गेले तसे अण्णाभाऊ एकाकी पडत गेले. संयुक्त महाराष्ट्र स्थापन झाला होता, लढ्याचे दिवस मागे पडले होते आणि कलापथक विस्कटले होते. पुस्तके निघत होती, खपत होती, चित्रपट येत होते, पण त्या प्रमाणात पैसा हाती येत नव्हता. घर सावरणाऱ्या आणि चळवळीत सोबत असलेल्या जयवंताबाई यांच्याशी संसारातही दुरावा आला. दारू वाढली, प्रकृती ढासळली. सरकारने त्यांना गोरेगावच्या सिद्धार्थनगरमध्ये घर दिले. चिरागनगरची वस्ती सुटली. 18 जुलै 1969 रोजी गोरेगावातच त्यांचे निधन झाले. वयाची 49 वर्षे पूर्ण व्हायला तेव्हा जेमतेम दोन आठवडे बाकी होते.

शाळेने नाकारले तेव्हा त्यांनी रस्त्याकडून अक्षरे घेतली. गद्य जमत नव्हते तेव्हा गाणे घेतले. मंच गेला तेव्हा कथा घेतली. खोली नव्हती तेव्हा वस्तीलाच खोली केले. पण खंगलेले शरीर, रिकामा खिसा आणि सोबतीला कोणी नसणे, यावर लेखनाचा कोणताही नवा प्रकार उपाय ठरत नाही. तिथे माणसे लागतात, वेळेवर मिळणारे मानधन लागते, दवापाणी लागते. अण्णाभाऊंच्या चिकाटीचे कौतुक करताना समाजाने आपली ही बाजू विसरणे सोयीचे असते. साहित्यिक म्हणून त्यांना मिळालेला मान आणि माणूस म्हणून मिळालेला आधार यांच्यात मोठे अंतर राहिले.

मृत्यूनंतर मात्र मान वाढतच गेला. 1985 मध्ये त्यांच्या नावाने राज्य सरकारचे विकास महामंडळ स्थापन झाले. 1 ऑगस्ट 2002 रोजी टपाल खात्याने त्यांच्यावर चार रुपयांचे तिकीट काढले. भायखळ्यात, जिथे पायी चालत आलेल्या त्या मुलाने पहिला आसरा घेतला होता, तिथे आज त्यांच्या नावाचे नाट्यगृह आहे. सप्टेंबर 2022 मध्ये मॉस्कोतील परदेशी साहित्याच्या सरकारी ग्रंथालयात त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. चिरागनगरमध्ये त्यांचे स्मारक उभारण्याचा सरकारचा संकल्प आहे.

आज लिहिणाऱ्यांसाठी यात काय आहे?

लेखन अडले की आपण सहसा स्वतःला दोष देतो. आपल्यात प्रतिभाच नाही, शिस्त नाही, असे वाटू लागते. अण्णाभाऊंचे आयुष्य आधी एक साधा प्रश्न विचारायला शिकवते : अडले आहे ते नेमके कुठे? शब्दात, विषयात, प्रकारात, वेळेत की पोटात?

विषय सुचत नसेल तर अंगाला चावणाऱ्या डासापासून सुरुवात करता येते. भारदस्त भाषा जमत नसेल तर घरात बोलली जाणारी भाषा चालते. कादंबरी पुढे सरकत नसेल तर तीच गोष्ट गाण्यात, संवादात किंवा छोट्या कथेत सांगून पाहता येते. निवांतपणा नसेल तर गलका ऐकून ठेवता येतो, तो पुढे कधीतरी कामी येतो. लिहिलेले चार जणांना म्हणून दाखवले की कुठे रटाळ होते आहे ते लगेच कळते, हे शाहिराला कोणी वेगळे शिकवावे लागत नाही.

पण अडथळा पोटात आणि एकटेपणात असेल तर त्याचे उत्तर एकट्या लेखकाने शोधायचे नसते. घाटकोपर, मुलुंड, गोरेगाव, बोरिवलीच्या वस्त्यांमध्ये आजही दहा बाय दहाच्या खोलीत, सगळे झोपल्यावर मोबाइलच्या उजेडात लिहिणारी मुले-मुली आहेत. त्यांना रात्री उशिरापर्यंत उघडी राहणारी अभ्यासिका हवी, चांगले ग्रंथालय हवे आणि छापून आलेल्या मजकुराचे पैसे वेळेवर हवेत. अण्णाभाऊंच्या नावाने पुतळे आणि सभागृहे उभी राहिली, ते योग्यच झाले. त्यांच्या वस्तीतील पुढच्या अण्णाभाऊला लिहायला टेबलाएवढी जागा मिळणे, हे त्या पुढचे काम आहे.